कापलेले श्वास

१

ही हकीकत खरं तर तोंडाने सांगायची. बोलणं हाच माझा धंदा. पण ती लिहावी लागते आहे, आणि का, ते ओघात येईलच.

मी गोष्टींमधल्या बायका बोलते. राजेरजवाड्यांच्या काळातल्या, बुरुज आणि घोडेस्वारांच्या जुन्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून विकणारी एक संस्था आहे. तिच्या गोष्टींतल्या राजकन्या मी, सावत्र आया मी, जंगलातल्या म्हाताऱ्याही मीच. पुरुषांसाठी तिथे तीन-चार जण आहेत. बायकांना मी एकटी पुरते, कारण बायका बोलतातच किती? एका गोष्टीतल्या सगळ्या बायकांची वाक्यं एकत्र केली तर पाठकोरा कागदसुद्धा भरत नाही. "जशी आपली इच्छा, बाबा" हे वाक्य तर मी इतक्या राजांना म्हटलं आहे की झोपेतून उठवलं तरी सुरात म्हणून दाखवीन. एका गोष्टीत नायिका पहिल्या पानापासून झोपलेली होती. ती शेवटच्या पानावर उठली आणि लगेच तिचं लग्न लागलं. त्या दिवशी मी नुसतीच जाऊन चहा पिऊन आले.

स्टुडिओ तळघरात आहे. वर सायकलदुरुस्तीचं दुकान. तिथे हातोडी वाजली की आम्ही थांबायचं. बोलायची खोली एवढी लहान की खुर्ची, मेज आणि माईक ठेवल्यावर मला बाजूबाजूने आत शिरावं लागतं. भिंतींना जाड कापड आहे. दार लागलं की कानांत बोटं घातल्यासारखं वाटतं. समोर काच, काचेपलीकडे कात्री.

कात्री म्हणजे आमचा ध्वनिमुद्रण करणारा. चाळिशीचा, पोट सुटलेला, गोड माणूस. दिवसभर तो मुद्रणातले नको ते आवाज कापत बसतो म्हणून हे नाव. सगळ्यात जास्त कापतो ते श्वास. वाक्य सुरू करण्यापूर्वी माणूस जो श्वास आत घेतो ना, तो. "लोक गोष्ट ऐकतात ताई, फुप्फुसं नाही," असं त्याचं म्हणणं. नवीन लोकांचे श्वास कापता कापता त्याची मान धरते. माझे फार कापावे लागत नाहीत. मी मान वळवून, दात मिटून श्वास घ्यायला शिकले आहे आणि मला त्याचा गर्व आहे. दुसऱ्या कशाचा करणार?

ती मधली काच दुहेरी आहे. आवाज आपटून परत येऊ नये म्हणून दोन्ही काचा जराशा तिरक्या बसवल्या आहेत. त्यामुळे मला त्यात मी दोनदा दिसते. एक पुढची, स्वच्छ. दुसरी मागची, थोडी वर आणि फिकट. मागची मला जास्त आवडते, तिच्या सुरकुत्या दिसत नाहीत. वाचायला कंटाळा आला की मी त्या दोघींकडे बघते. दिवसभरात मला भेटणाऱ्या बायका तेवढ्याच.

२

सुरुवात एका फालतू गोष्टीपासून झाली. म्हणजे गोष्ट खरोखरच फालतू होती. तीन शिंगांचं हरीण आणेल त्याला राजा आपली मुलगी देणार, वगैरे.

आमची पद्धत अशी: निवेदकाचा भाग आधीच मुद्रित झालेला असतो. तो माझ्या कानांवरच्या हेडफोनमध्ये चालू असतो आणि माझी वेळ आली की मी माझं वाक्य म्हणते. निवेदकाला मी कधी भेटलेले नाही. त्याचा आवाज मात्र माझ्या कानात इतकी वर्षं आहे की हा एक प्रकारचा संसारच म्हणायचा. तो बोलतो, मी वाट बघते.

काम संपल्यावर कात्रीने मला बाहेर बोलावलं. "ताई, सर्दी झाली आहे का?"

"नाही. का हो?"

"आज श्वास आले आहेत. ऐका."

त्याने ऐकवलं. निवेदक म्हणत होता, 'आणि राजाने आपल्या मुलीचा हात त्या परक्या माणसाच्या हातात दिला.' त्यानंतर एक श्वास. चांगला खोल, तोंड उघडून आत घेतलेला. काहीतरी लांबलचक बोलायच्या आधी घ्यावा तसा. आणि मग काहीच नाही. थेट पुढचं वाक्य, लग्नाच्या मेजवानीचं.

"काय बोलणार होता?" कात्रीने हसत विचारलं.

"माझं वाक्यच नाही तिथे."

"म्हणूनच तर विचारतोय. राजकन्येला काही सुचलं की काय?"

त्याने तो श्वास निवडला आणि कापला. मी वयाला दोष दिला. आवाजाच्या माणसाचं वय आधी श्वासात दिसतं, असं मला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या. चार जिने चढून घरी आले. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, पण ती आईच्या आजारपणापासून बंद आहे. आई जाऊन वर्ष होईल आता. तिच्या खोलीचं दार मी लोटून ठेवते. बंद करत नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ. साठी उलटली तरी मला अजून छकुलीच म्हणतो.

"छकुले, एक आनंदाची बातमी. आमच्याकडची वरची खोली रंगवून झाली. तुझ्या वहिनीने पडदेसुद्धा शिवले. खिडकीतून सगळं गाव दिसतं बघ."

"छान," मी म्हटलं.

"आता तिथे एकटीने काय करणार तू? आजारी पडलीस, घसरलीस, तर कुणाला कळणारसुद्धा नाही. मी सगळं ठरवून टाकलंय. तुझी जागा घ्यायला माणूसही तयार आहे. पुढच्या रविवारी येतो, सामान बांधायला घेऊ. बरं ना?"

दादा वाईट माणूस नाही हे आधीच सांगते. आईच्या औषधपाण्याचा सगळा खर्च त्याने केला, सेवा मी केली. त्याने आयुष्यात माझ्यासाठी जे जे ठरवलं ते प्रेमानेच ठरवलं, फक्त विचारलं कधीच नाही. आणि मला ही जागा सोडायची नव्हती. माझं म्हणावं असं माझ्याजवळ ती दोन खोल्यांची जागा आणि आवाज, एवढंच होतं. हे त्याला सांगायचं म्हणून मी श्वास घेतला.

"बरं," मी म्हटलं.

फोन ठेवला. स्वयंपाकघरात कुणीतरी श्वास घेतला, असं मला वाटलं. बघितलं तर नळ होता, तो जुना आहे. हवा ओढतो.

३

दोन दिवसांनी घंटेच्या बुरुजाची गोष्ट लागली. एक गवंडी देवळासाठी घंटेचा बुरुज बांधतो आणि तो रोज संध्याकाळी कोसळतो. मग ठरतं की उद्या सकाळी जी बाई सगळ्यात आधी इथे येईल तिला भिंतीत चिणायचं. सकाळी गवंड्याचीच बायको येते, नवऱ्याचं जेवण घेऊन. सगळे कारागीर माना खाली घालतात. पहिले थर लागतात तेव्हा ती थट्टा समजून हसते.

या पूर्ण गोष्टीत तिला एक वाक्य आहे: "जेवण गार होईल."

मी ते तीन तऱ्हांनी म्हणून दिलं. कात्रीने अंगठा वर केला. पुढे निवेदक शांतपणे भिंत चढवत गेला. गुडघे, कंबर, खांदे. मी हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून बसले होते. श्वास फार हळू, नाकाने. मला खात्री करायची होती.

'मग शेवटची वीट बसली,' निवेदक म्हणाला, आणि माझ्या कानात, अगदी जवळ, तो श्वास आला.

मी हेडफोन काढले. काचेपलीकडे कात्रीनेही काढले होते. त्याने बटण दाबून विचारलं, "तुम्ही नाही ना?"

मी नकारार्थी मान हलवली.

"एसीची नळी असेल," तो म्हणाला. "थांबा. तुम्ही बाहेर या."

मी बाहेर आले. खोली रिकामी केली. हेडफोन मेजावर पालथे ठेवले. एसी बंद केला. दार लावलं. कात्रीने तोच भाग पुन्हा आत सोडला आणि रिकाम्या खोलीचं मुद्रण सुरू केलं. आम्ही दोघं त्याच्या बाजूला बसून ऐकत होतो. मेजावरून निवेदकाचा आवाज बारीकसा येत होता, डब्यात ठेवलेल्या माणसासारखा. गुडघे, कंबर, खांदे. शेवटची वीट.

श्वास आला.

कात्रीने पडद्यावरच्या आवाजाच्या रेषेवर बोट ठेवलं. तिथे एक लहानसा उंचवटा उमटला होता. मग त्याने त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "जुन्या इमारती आहेत ताई. कुठून काय हवा येईल, सांगता येत नाही." वर हातोडी वाजू लागली. आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

काचेत मी दोनदा दिसत होते, पण आज कात्रीच्या बाजूने बघत होते म्हणून ओळखू येत नव्हते. मी मुद्दाम त्या मागचीकडे बघितलं नाही.

४

कात्री हट्टी माणूस आहे. त्याने ठरवलं की हा प्रकार नळीचा असेल तर सगळे श्वास एकसारखे असतील, आणि ते एकसारखे निघाले की सायकलवाल्याशी भांडून नळीची भिंत उघडायची. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्याने गेल्या काही दिवसांचे कापलेले श्वास उचलून एकापुढे एक लावून ठेवले होते.

"बसा," तो म्हणाला. त्याने मला स्वतःची खुर्ची दिली. असं तो कधी करत नाही.

मी ऐकलं. एकही श्वास दुसऱ्यासारखा नव्हता. एक तरुण, घाईचा. एक म्हातारा, छातीत घरघर असलेला. एकात दात वाजत होते. एक रडून झाल्यावर घेतात तसा, तुटक. एक इतका लहान होता की ती बाई कसली, दहा-अकरा वर्षांची पोर असेल. आणि मला सगळे ओळखीचे वाटत होते. हरणाच्या बदल्यात दिलेली ती. झोपलेली ती. भिंतीतली ती. त्यांतल्या बहुतेकींना मी आवाज दिला होता, पण हे श्वास माझे नव्हते.

"काही लक्षात आलं?" कात्रीने विचारलं.

"वेगवेगळे आहेत."

"ते तर आहेच. पण पुन्हा ऐका. सगळे आत घेतलेले आहेत. सोडलेला एकही नाही."

मी पुन्हा ऐकलं. आत. आत. आत. ऐकता ऐकता माझीच छाती भरून आली आणि मला कळलं की मीही श्वास सोडायला विसरले आहे.

कात्रीने ते सगळे पुसून टाकले. मग उगाचच टेबल आवरलं. "घंटेची गोष्ट सोमवारी नव्याने घेऊ," तो म्हणाला. "तोवर तुम्ही आराम करा. तुम्ही घरी एकट्याच असता ना? कुणाला तरी बोलवा राहायला."

कुणाला बोलवू, हे मी त्याला विचारलं नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली जरा बरंही वाटलं. इतकी वर्षं त्या खोलीत मी एकटी बसत होते असं मी समजत होते.

५

शनिवारी दुपारी मी घरात एका वाक्याची तालीम करत होते. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. वाक्य साधं होतं: "दादा, मी येणार नाही." साऱ्या जन्मात मी याहून अवघड वाक्यं एका दमात म्हटली आहेत.

स्वयंपाकघरात उभी राहून म्हटलं. आवाज घोगरा, कुणाचा तरी उसना घेतल्यासारखा आला. आईच्या खोलीत जाऊन म्हणायला गेले. तिच्या पलंगाची गादी गुंडाळून ठेवलेली आहे, तिच्याकडे बघून तर शब्दच निघाले नाहीत. मग मला कल्पना सुचली. मी ते वाक्य माझ्या आवाजात म्हणायचंच कशाला?

सावत्र आईच्या आवाजात म्हटलं. भांडखोर वाटलं. जंगलातल्या म्हातारीच्या आवाजात म्हटलं, तर मलाच हसू आलं. दादाला वाटलं असतं शाप देते आहे. मग राजाच्या मुलीच्या आवाजात म्हटलं. तो माझा जुना आवाज, विशीतला, स्वच्छ. अजून निघतो.

"मी येणार नाही."

किती सुरेख आलं. मी पुन्हा म्हटलं. बैठकीच्या खोलीत म्हटलं, खिडकीशी म्हटलं, आरशासमोर म्हटलं. मग दमून खुर्चीत बसले आणि मला माहीत होतं की उद्या दादा समोर उभा राहिला, छकुले म्हणाला, की माझ्या तोंडून 'बरं' निघणार. आजवर दुसरं काही निघालेलंच नाही.

घर शांत होतं. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. नळ बंद होता, मी तो चांगला आवळून बंद केला होता.

आईच्या खोलीत कुणीतरी श्वास घेतला. मग कपाटाच्या बाजूला. मग माझ्या खुर्चीच्या अगदी मागे. घाईचा, म्हातारा, तुटक. प्रत्येक श्वास आत जाई आणि तिथेच थांबे. सगळं घर बोलायच्या तयारीत, आणि कुणीही बोलत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं नाही. माझा विवेक मला सांगत होता की आठवडाभर तू कानांवर ताण दिला आहेस, रात्री झोप नाही, आणि जुन्या घरांना दुपारी उष्णतेने आवाज येतातच. विवेक असं बरंच काही सांगत होता आणि मानेवरचे केस उभे राहिले होते.

मग मी ती चूक केली. माझ्या धंद्यातल्या बाईशिवाय दुसरं कुणी ती करणार नाही. आमच्यात हे सर्रास चालतं. एखाद्याचा घसा बसला, की दुसऱ्याला म्हणायचं, माझं वाक्य तेवढं तू म्हण.

"मला नाही जमत बायांनो," मी मोठ्याने म्हटलं. "उद्या तुम्हीच म्हणा माझ्या वतीने. आवाज माझा घ्या."

कुणीतरी श्वास सोडला. लांब, सावकाश, मानेवर ऊब लागेल इतका जवळून. एवढ्या दिवसांत सोडलेला पहिलाच.

६

दादा सकाळी आला तो खोके आणि चिकटपट्टी घेऊनच. चार जिने चढून धापा टाकत होता तरी खुश होता. माझ्यासाठी केकचा तुकडा आणला होता.

"आधी कपाट काढू," तो म्हणाला. "जुनं सगळं टाकून देऊ. तुला तिथे काय लागणार आहे? दोन वेळचं वहिनी बघेल, वर आरामात बसायचं. खिडकीत बस, गाणी ऐक. आता राबायचे दिवस संपले बघ तुझे."

मी केकची बशी हातात घेऊन पॅसेजच्या तोंडाशी उभी होते. माझ्या मागे आईच्या खोलीचं दार, लोटलेलं. दादाने कपाट उघडलं. माझ्या साड्या, आईची शाल, सगळं उचलून पलीकडच्या खोक्यात ठेवलं. प्रेमाने ठेवलं, घडी मोडू न देता. रिकामं कपाट तसंच उघडं राहिलं.

"त्या माणसाला मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "महिनाअखेर तो राहायला येईल. ठीक आहे ना छकुले?"

मी श्वास घेतला.

"मी येणार नाही."

स्वच्छ, विशीतला आवाज. राजाच्या मुलीचा. पण तो माझ्या मागून आला होता आणि माझे ओठ मिटलेले होते. जीभ टाळूला चिकटलेली मला जाणवत होती.

दादाने मान वर केली. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डोक्याच्या जरा वर, पॅसेजमध्ये बघत होता. त्याचा चेहरा आधी गोंधळला, थट्टा आहे की काय असा. तो हसलाही थोडासा.

"कोण आहे गं आत?" त्याने विचारलं.

"मी येणार नाही," रिकाम्या कपाटातून आवाज आला. हा म्हातारा होता, घरघरणारा. माझाच, जंगलातला. आणि मग स्वयंपाकघरातून, फार हळू, त्या लहान पोरीचा, "मी येणार नाही."

दादा अजून माझ्या डोक्यावरच बघत होता. त्याचा हात चिकटपट्टीवर तसाच होता. तो काहीतरी बघत होता आणि ते जवळ येत असावं, कारण त्याची नजर हळूहळू खाली उतरत माझ्या खांद्यापर्यंत आली. मग तो उठला. भिंतीला पाठ घासत दारापर्यंत गेला. तो खाली पोचेपर्यंत मी जिन्यावर त्याची पावलं ऐकली. त्याने काय पाहिलं ते त्याने आजवर सांगितलेलं नाही आणि मला विचारता आलेलं नाही.

मी मात्र आनंदले. लाज वाटली पाहिजे, पण आनंदले. घर राहिलं होतं. मी कपडे परत कपाटात लावले, केक खाल्ला. संध्याकाळी वहिनीचा निरोप आला: यांना ताप आहे, झोपेत बडबडतात, वरच्या खोलीत मी माझं शिवणयंत्र ठेवते आहे, तुम्ही तिथेच राहा. मी फोन हातात घेऊन, मोठ्याने, स्वतःशीच म्हणायला गेले, "सुटले गं बाई."

श्वास आत गेला. पुढे काही आलं नाही.

मी पुन्हा प्रयत्न केला. खोकता येत होतं, गिळता येत होतं. घसा दुखत नव्हता. पण शब्दाच्या जागी नुसता तोच श्वास, आत, आणि तिथेच थांबलेला. त्या रात्री घरात कुठेही, कसलाही आवाज नव्हता. नळसुद्धा गप्प होता. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

७

सोमवारी मी कामावर गेले. घरी बसून काय करणार होते? कात्रीला खुणेनेच नमस्कार केला. तो समजला, आवाज जपते आहे. आमच्यात असं करतातच.

बाजूबाजूने आत शिरले. दार लागलं. हेडफोन चढवले. कागदावर एक ओळ लिहून काचेला लावावी, असं मनात होतं, पण पेन कात्रीकडे असतं. आत कागद तेवढा असतो. लाल दिवा लागला आणि निवेदक सुरू झाला. बुरुज. गवंडी. सकाळ. जेवण घेऊन येणारी बायको. माझी वेळ आली. मी तोंड उघडलं आणि श्वास घेतला.

"जेवण गार होईल," हेडफोनमध्ये माझा आवाज म्हणाला.

काचेपलीकडे कात्रीने अंगठा वर केला. मी काचेत बघितलं. पुढची मी तोंड अर्धवट उघडं टाकून बसली होती, भेदरलेली. मागचीचे ओठ हलून नुकतेच मिटले होते. ती जरा वर, फिकट, आणि खांदे ताठ. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती कात्रीकडे बघत होती, कुणी ऐकत आहे का हे बघावं तशी.

निवेदक पुढे गेला. गुडघे, कंबर. आणि त्याला मध्येच तोडून ती म्हणाली, "थांबा. मला कुणी विचारलंत का? मी या भिंतीत राहणार नाही."

कात्रीने निवेदक थांबवला. समोरचा कागद वर-खाली करून पाहिला. मग बटण दाबून म्हणाला, "ताई, हे नवीन आहे? संस्थेने घातलं का? काय बोललात हो! अंगावर काटा आला. ठेवू या हे. चालू द्या."

मी दोन्ही हात हलवले. तो दुसरीकडे बघत होता, पडद्याकडे. दाराची मूठ आतून जड आहे, ती उघडायला उठावं लागतं, आणि मला उठता येईना. गुडघ्यांपासून खाली काही असल्यासारखं वाटत नव्हतं. मी सगळा जीव गोळा केला. एवढी वर्षं मी लपवत आले तसा नव्हे, तोंड उघडून, छातीभर, कुणालाही ऐकू जाईल असा श्वास घेतला. त्याला सांगायचं होतं, ती मी नाही, मी इथे आहे.

कात्रीची मान वर झाली. त्याने ऐकलं होतं. त्याने तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा लावला, आणि मीही तो ऐकला.

"ताई, इथे एक श्वास आलाय," तो म्हणाला. "काय बोलणार होता?"

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"काही नाही," राजाच्या मुलीच्या आवाजात मागची म्हणाली.

"मग कापतो," कात्री म्हणाला, आणि कापला.